अर्ध्या लिटरातली सोयरीक

"साडेसाठ!" मी मोठ्यानं म्हणालो. मुद्दामच मोठ्यानं. दुसऱ्या मशीनजवळ उभ्या असलेल्या डॉक्टर बर्व्यांच्या कानावर जावं म्हणून.

काट्यावर महादेवराव उभे होते. धोतर, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, टोपी हातात. गुरुवारी डायलिसिस संपल्यावर याच काट्यावर त्यांचं वजन छप्पन भरलं होतं. आज सोमवार. चार दिवसांत साडेचार किलो.

"जेवन जराक जास्त झालं असंन," महादेवराव म्हणाले.

"काकाजी, हे जेवन नाई. हे पानी हाय. साडेचार लिटर."

ते काट्यावरून उतरले, टोपी नीट घडी करून उशीखाली ठेवली आणि पलंगावर आडवे झाले. मी तक्त्यावर तांबड्या शाईनं आकडा लिहिला. तांबडी शाई मी त्यांच्यासाठीच आणली होती म्हटलं तरी चालेल.

मी डायलिसिस टेक्निशियन. ऐंशीच्या दशकात वर्धा जिल्ह्यात हा शब्द फार कुणाला ठाऊक नव्हता. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की जावई हॉस्पिटलात मोटारपंप दुरुस्त करतो. ते अगदीच चूक नव्हतं. ज्याच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या, त्याच्या हातातून रक्त काढायचं, पंपानं एका बारीक पडद्यातून फिरवायचं, पडद्यापलीकडच्या द्रावणात घाण उतरवायची आणि स्वच्छ रक्त परत हातात सोडायचं. सहा तास. आठवड्यातून दोनदा. लाइट गेली की तोच पंप हँडल लावून हातानं फिरवायचा, आणि लाइट तर जायचीच. आमच्या हॉस्पिटलात दोन मशीनं होती. त्यातलं एक कायम रुसलेलं.

किडनी बंद म्हणजे लघवी बंद. प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. एक लिटर प्यालं की एक किलो वजन वाढलं, इतका सरळ हिशेब. ते पाणी आधी पायांवर उतरतं, मग छातीत भरतं आणि माणूस आडवा झाला की गुदमरतो. म्हणून प्रत्येक पेशंटचं एक 'कोरडं वजन' ठरवलेलं असतं. अंगात जास्तीचं पाणी नसताना भरेल ते वजन. तेवढ्यावर त्याला आणून सोडायचं. महादेवरावांचं कोरडं वजन छप्पन. दिवसाला अर्धा लिटर पाण्याची परवानगी. चहा, ताक, वरणाचं पाणी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच.

आमच्या जुन्या मशीनवर नेमकं किती पाणी निघतंय हे दाखवणारा काटा नव्हता. प्रेशर अंदाजानं लावायचं, मधूनमधून बीपी पाहायचं आणि शेवटी पेशंटला वजनावर उभं करायचं. त्यामुळे वजनाचा तक्ता हा माझा देव होता. मी तो पट्टीनं आखायचो. डॉक्टर राउंडला आले की आधी माझा तक्ता पाहायचे, मग पेशंटचं तोंड. याचा मला भारी अभिमान होता.

साडेचार लिटर पाणी सहा तासांत ओढायचं म्हणजे पेशंटचे हाल. त्या सोमवारी चौथ्या तासाला महादेवरावांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी प्रेशर कमी केलं, त्यांचा तळपाय माझ्या छातीला टेकवून दाबून धरला. त्यांनी दात आवळले, पण तोंडातून हूं की चूं नाही. गोळा सैल झाल्यावर मला म्हणतात, "वानखडे भाऊ, तुमाले तरास झाला बापा."

डॉक्टर बर्वे आले आणि पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. ते पुण्याचे. हुशार, स्पष्टवक्ते, आणि घाईत नसले तर प्रेमळ. त्या दिवशी घाईत होते.

"महादेवराव, खरं सांगा. दिवसाला किती पाणी पिता?"

"घरी नाई पीत साहेब. घरी बुढी मोजून देते. एक थेंब जास्त नाई देत."

"मग कुठे पिता?"

"लोकाईच्या घरी."

मग कळलं. महादेवराव हिंगणीचे. घरची शेती, दोन्ही मुलं हाताशी आलेली. शेतीचं मुलं पाहायची आणि हे सोयरिकी जमवायचे. धंदा म्हणून नव्हे. लग्नात मिळेल तो दुपट्टा आणि टोपी, एवढीच कमाई. पण सेलूपासून आर्वी-कारंज्यापर्यंत कुणाच्या घरी लग्नाची मुलगी आहे, कुणाचा मुलगा शाळेवर लागला, कुणाच्या घरात सासू कजाग आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आणि माणूस असा की वाईट स्थळ कुणाच्या गळ्यात बांधलं नाही. ते दिवाळीनंतर घराबाहेर पडायचे ते थेट मिरगाच्या तोंडी परतायचे. दिवसाला तीन घरं, कधी चार. प्रत्येक घरी गेल्याबरोबर पाण्याचा गिलास, मग चहा, उन्ह असलं तर वरून शरबत.

"चहा नको म्हणायला काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर बाहेरचे, त्यांना कळणार नाही, तू तरी सांग, असं ते पाहणं होतं.

आणि मला कळत होतं. मी पवनारचा. आमच्याकडे मध्यस्थ मुलीच्या घरी गेला की चहा मुलगी आणते. तो चहा मध्यस्थानं पुरता प्याला म्हणजे घर पसंत, मुलगी पसंत, आता पुढचं बोला. कप तसाच ठेवून उठला तर काय समजायचं ते घरचे समजून घेतात. माझ्या स्वतःच्या सोयरिकीत मध्यस्थाच्या कपात माशी पडली, तर सासूबाईंनी आधी दुसरा कप भरून आणवला आणि मगच पुढची बोलणी झाली. एवढं सगळं ठाऊक असून मी काय बोललो?

"सांगा ना त्याईले, डॉक्टरनं मनाई केली म्हनून."

"मंग ते इचारतीन, काऊन मनाई केली? काय सांगू? किडन्या गेल्या? आजारी मानसाच्या हातानं सोयरीक कोन करीन भाऊ? शुभकार्य हाय."

गावात त्यांनी आजार सांगितलाच नव्हता. वर्ध्याला कामानं जातो, एवढंच म्हणायचे. डायलिसिससाठी मनगटावर शीर आणि धमनी जोडून देतात, तिथे फुगवटा येतो. तो दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा.

डॉक्टर उठले. "हे बघा महादेवराव, एकतर सोयरिकी, नाहीतर डायलिसिस. दोन्ही जमणार नाही. पुन्हा साडेचार किलो घेऊन आलात तर मशीनवर जीव जाईल तुमचा, आणि ते मला पाहायचं नाहीये."

डॉक्टर चुकीचं बोलले नव्हते. मी तक्त्याच्या खाली लिहिलं: 'पेशंटला कडक समज दिली.' खाली रेघ मारली.

पुढचा गुरुवार. सत्तावन्न आणि दोनशे ग्रॅम. मी दोनदा काटा तपासला. सोमवारी साडेसत्तावन्न. त्यानंतरच्या गुरुवारी पुन्हा सत्तावन्नच्या आसपास. ना गोळे, ना बीपी पडणं. सहा तास मशीन असं चाललं, जणू पुस्तकातली आकृती. मी तो तक्ता नव्या सिस्टरांना दाखवला. म्हटलं, पेशंटला शिस्त लावली की असं होतं.

एक गोष्ट मात्र मला खटकायला हवी होती, ती खटकली नाही. महादेवराव बोलेनासे झाले होते. पूर्वी सहा तास त्यांची टकळी चालायची. शेजारच्या पलंगावर कोण, त्याचं गाव कोणतं, मुलं किती, हे पहिल्या अर्ध्या तासात काढून घ्यायचे. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला वाटलं, बरं झालं, शांतता आहे. माझं काम सोपं झालं होतं ना.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी ते जिना चढून आले आणि दारातच खाली बसले. धाप लागलेली. वजन पाहिलं तर सत्तावन्न. म्हणजे कोरड्या वजनाहून जेमतेम एक किलो जास्त. एवढ्यानं दम लागत नाही. मी डॉक्टरांना तक्ता नेऊन दाखवला. "सर, पाणी तर नाहीये."

डॉक्टर बर्व्यांनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी महादेवरावांच्या मानेची फुगलेली शीर पाहिली, छाती ऐकली आणि मग त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये आपली चार बोटं घातली. चारही आरामात गेली.

"वानखडे, हा माणूस जेवत नाहीये," ते म्हणाले. "मांस उतरलंय आणि त्याच्या जागी पाणी भरलंय. तुझ्या काट्याला दोन्ही सारखंच."

छप्पन हे त्यांचं कोरडं वजन उरलंच नव्हतं. ते त्रेपन्नावर आलं असेल, कदाचित त्याहून खाली. म्हणजे दोन आठवडे मी त्यांना दर वेळी आधीपेक्षा जास्त पाणी अंगात ठेवून घरी पाठवत होतो, आणि वर निळ्या शाईनं 'उत्तम' असा शेरा मारत होतो.

त्या दिवशी जमेल तितकं पाणी काढलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवता का नीट?" "जेवतो," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. गुरुवारी पुन्हा या, अजून पाणी काढायचंय, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

गुरुवारी महादेवराव आले नाहीत.

डायलिसिसचा पेशंट एक पाळी चुकवतो तेव्हा दोन शक्यता असतात. बस चुकली, किंवा त्यानं ठरवलं. ठरवलं असेल तर आठवडा-दहा दिवस. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "उद्या पहिल्या गाडीनं हिंगणीला जा आणि त्यांना घेऊन ये. काय करायचं ते कर. रागावू नकोस मात्र."

शुक्रवारी सकाळी हिंगणीला उतरलो. घर विचारावं लागलं नाही. ज्याला त्याला ते ठाऊक होतं. अंगणात महादेवरावांची बायको, काकीजी, तूर पाखडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आत हाय. नाई येत म्हनते. तुमीच पाहा बापा."

"झालं काय काकीजी? जेवत काऊन नाईत?"

त्यांनी आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी समज दिली त्याच आठवड्यात महादेवराव कारंजाला गेले होते. तिथले पुंडलिकराव, संत्र्याची बाग असलेलं खातंपितं घर. त्यांची मुलगी सुनंदा. सेलूचा एक मास्तर मुलगा महादेवरावांनी तिच्यासाठी पाहिलेला, दोन्हीकडे पसंती, फक्त तारीख धरायची राहिलेली. सुनंदानं चहा आणला. महादेवरावांनी हात जोडले आणि म्हणाले, नको पोरी. कारण सांगितलं नाही. पाणीही घेतलं नाही. तसेच उठून यस्टीत बसले.

"दोन दिवसांत सेलूले बातमी गेली," काकीजी म्हणाल्या. "महादेवरावनं चहा नाई घेतला म्हंजे काईतरी खोट हाय पोरीत. पोराच्या मायनं नाई म्हनून सांगून देलं. आता कारंज्यात लोक त्या पोरीबद्दल काय काय बोलून राह्यले. कोनी म्हनते मिरगी येते, कोनी अजून काई. ह्याईले कोन्या पाहुन्यानं येऊन सांगतलं. तईपासून भाकर अर्धी खाते न् ताट सरकवून देते."

मी आत गेलो. महादेवराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. आडवं होता येत नव्हतं, दम लागत होता.

"काऊन आले भाऊ एवढ्या दूर?"

"तुमाले न्याले."

"काय करू येऊन? तुमचं वजन तर बराबर भरलं ना?" यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तीस वर्सं झाले सोयरिकी करून राह्यलो. माह्या हातानं एका पोरीचं वाईट नाई झालं. आता ह्या पोरीचं झालं. एका कप चहापायी. मी अजून चार वर्सं जगून काय करू, ते सांगा मले."

मी माफी मागितली, मनापासून मागितली. "चूक तुमची नाई काकाजी. माही हाय. मी इथलाच, मले मालूम होतं. तरी डॉक्टरसमोर तोंड उघडलं नाई. तुमाले चहा नाई म्हनाले मीच सांगतलं."

ते उशीवरून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "मंग चाला कारंज्याले."

"चालतो. पन आधी मशीन."

"नाई. आधी कारंजा."

"काकाजी, या दमानं तुमी कारंज्याच्या स्टँडवरच पडसान. मंग त्या पोरीबद्दल लोक अजून काय बोलतीन, इचार करा."

हे लागू पडलं. दुपारच्या गाडीनं आम्ही वर्ध्याला आलो. मशीन लावलं. डॉक्टरांनी त्यांना शनिवारी वॉर्डातच ठेवून घेतलं आणि पुन्हा चार तास डायलिसिस केलं. तेव्हा वजन त्रेपन्न भरलं. त्या वजनावर ते पाठीवर आडवे होऊन झोपले. मी सगळी हकिगत डॉक्टरांना सांगितली. ते ऐकत गेले तसतसे त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे आपण दोघांनी मिळून एक लग्न मोडलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "रविवारी तू त्यांच्याबरोबर जा. बीपीचं मशीन घे."

रविवारी सकाळी वॉर्डातल्या सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. काकांनी डायलिसिसनंतर पाणी घेतलंच नव्हतं. गोळीसुद्धा जिभेवर ठेवून तशीच गिळली. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी रागावलो. रागावू नकोस असं सांगितलेलं असूनही रागावलो.

महादेवराव शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेबानं रोजचं अर्धा लिटर देलं ना मले? देलं. मंग ते कोठी प्यावं ते मी पाहीन. कालचं ठेवलं आजच्यासाठी. आजचं हायच. दोन घरचा चहा बसते का नाई त्याच्यात, तुमी हिशेब करा, तुमाले येते."

मी हिशेब केला. बसत होता. दहा वर्षं मी लोकांना पाणी कमी प्या, कमी प्या म्हणून सांगत आलो होतो. पाण्याचं काय करायचं हे पेशंटनं ठरवावं, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. पाणी अंगातून काढायची विद्या मी शिकलो होतो. पण कुणासाठी तरी तहान राखून ठेवायची विद्या माझ्या पुस्तकात नव्हती.

कारंजात पुंडलिकरावांनी आम्हाला बसा म्हटलं, पण चेहरा कोरा. ओसरीवर त्यांचे दोन भाऊबंद बसले होते, ते उठून गेले नाहीत, ऐकायलाच बसले असावेत. पाण्याचे गिलास आले. महादेवरावांनी गिलास हातात घेतला, घोटभर पाणी घेतलं आणि खाली ठेवला.

"पुंडलिकराव, मी एक गोस्ट लपवली. आज सांगाले आलो," असं म्हणून त्यांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत गुंडाळली. मनगटावरचा फुगवटा मीसुद्धा त्या घरातल्या लोकांच्या नजरेनं पहिल्यांदाच पाहिला. बघायला भीतीच वाटते. "बोट ठेवा ह्याच्यावर."

पुंडलिकरावांनी भीत भीत बोट ठेवलं. जोडलेल्या शिरेत रक्त जोरानं धावतं, त्याची घरघर बोटाला लागते. त्यांनी चटकन हात मागे घेतला. "बापा! आत काय चालून राह्यलं?"

"माह्या दोनी किडन्या गेल्या. आठ दिवसांतून दोनदा वर्ध्याले मशीनवर जातो. हे वानखडे भाऊ लावते. माह्या अंगात पान्याले बाहेर जायाले रस्ता नाई. जास्त पेलो का मरतो. त्या दिवशी म्हनून चहा नाई घेतला. तुमी समजले पोरीत खोट हाय. पोरीत नाई. खोट माह्यात हाय. हे तईच सांगाले पाह्यजे होतं. माह्यी इज्जत सांभाळली न् पोरीची घालवली. मले माफ करा."

पुंडलिकरावांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "सुनंदा, चहा आन."

मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "नाई, नाई. काकाजी, तुमाले तर चालत नाई."

"एक कप चालते. डॉक्टरचा मानूस संग हाय, इचारा. कालपासून याच्यासाठी तहानलेला हाव मी."

सुनंदा आली. सावळी, उंच, मान खाली. तीन आठवडे रडलेले डोळे कुणापासून लपत नाहीत. तिनं कप पुढे केला. महादेवरावांनी दोन्ही हातांनी कप घेतला. बशीत न ओतता, हळूहळू, एकेक घोट घेत प्याले. भाऊबंद पाहत होते. दाराआड बायका पाहत होत्या. मी बीपीचं मशीन मांडीवर घेऊन पाहत होतो. शेवटचा घोट झाल्यावर त्यांनी कप बशीत पालथा ठेवला. एक थेंब उरला नव्हता.

"मस्त झाला, माय," ते म्हणाले. "असाच चहा सेलूले पाजजो."

दाराआड मुलीची आई हुंदका देऊन रडली. खोटं कशाला बोलू, मीही चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं मी पेशंटला पलंगावर आडवं पाहत आलो होतो. उभा राहिल्यावर तो कोण असतो, हे मला त्या ओसरीवर कळलं. निघताना पुंडलिकरावांनी संत्र्यांची टोपली पुढे केली. किडनीच्या पेशंटला संत्रं विष, त्यातल्या क्षारानं हृदय बंद पडू शकतं. मी तोंड उघडणार तोच महादेवरावांनी टोपली माझ्याकडे सरकवली. "हे भाऊले द्या. त्याईच्या किडन्या चांगल्या हायेत."

रविवारी उशीर झाल्यानं सेलू राहिलं होतं; सोमवारी मशीन झाल्यावर ते तिथे उतरले. तिथेही बाही वर केली, तिथेही कप रिकामा केला. मुलाच्या आईनं कारंजाला स्वतः निरोप पाठवला. वैशाखात लग्न झालं. लग्नाच्या दिवशी नेमकी महादेवरावांची पाळी येत होती. डॉक्टर बर्व्यांनी स्वतःहून दुसऱ्या पेशंटशी बोलून ती एक दिवस अलीकडे घेतली. मी लग्नाला गेलो होतो. डॉक्टरही आले आणि पंगतीत मांडी घालताना त्यांची फार पंचाईत झाली.

महादेवरावांना भीती होती की आजार कळल्यावर सोयरिकी बंद होतील. झालं उलटंच. गावोगाव बातमी गेली. हा माणूस आपल्या वाटणीचं पाणी राखून आपल्या घरी चहा प्यायला येतो, हे कळल्यावर लोकांना त्याचं अप्रूप वाटू लागलं. घराघरांतून त्यांच्यासाठी लहान कप वेगळा निघाला. बायका विचारायच्या, "काकाजी, आज तुमचं किती बाकी हाय?" ते बोटांनी दाखवायचे, तेवढाच चहा यायचा. आमच्या काट्यावर ते कधी दोन किलो, कधी अडीच किलो घेऊन यायचे. जेवण सुधारलं, कोरडं वजन पंचावन्नावर गेलं. मशीनवर पडल्या पडल्या त्यांची टकळी पुन्हा सुरू झाली. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटच्या नातेवाइकांपैकी दोघांच्या सोयरिकी त्यांनी तिथेच जमवल्या.

त्यानंतर ते जवळजवळ चार वर्षं जगले. आमच्या त्या मशीनांवर, त्या काळात, एवढी वर्षं फार थोड्यांनी काढली. एका उन्हाळ्यात पहाटे घरीच त्यांचं हृदय थांबलं. आदल्या दिवशी ते आर्वीला एक घर पाहून आले होते.

मी रिटायर होईपर्यंत त्याच खोलीत काम केलं. मशीनं बदलली, किती पाणी निघतंय ते आकड्यात दिसायला लागलं. पण महादेवरावांनंतर नवा पेशंट आला की वजन करण्याआधी मी एक प्रश्न विचारायचो. घरी तुमच्यावाचून कुणाचं काय अडतं? कुणी म्हणायचं बैलांचं, कुणी म्हणायचं नातीच्या शाळेचं, एक बाई म्हणाल्या भजनातल्या पेटीचं. मी ते तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो आणि त्याप्रमाणे पाळ्या लावायचो. कुणी म्हणालं, "काही नाही हो, कुणाचंच काही अडत नाही," तर त्याचं वजन कितीही बरोबर भरो, मी डॉक्टरांना त्याच दिवशी जाऊन सांगायचो की या माणसाकडे जास्त लक्ष द्यावं लागेल.